सर्जेराव भुयारात शिरले त्याची हकिकत

मु. पो. धाड, जि. बुलढाणा

तीर्थस्वरूप वैजनाथमामा,

तुमच्या आणि सुलभामामीच्या पाया पडते. (मामीच्या आधी, पण वयाने तुम्ही मोठे म्हणून नाव तुमचं पुढे.) तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलंय आणि तुम्ही माळ्यावर जाऊन पुस्तकांवरची धूळ झटकता, हे मला मामीकडून कळलं आहे, तेव्हा नाही म्हणू नका. मामीची साखर आटोक्यात असेल अशी आशा करते. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते सविस्तर खाली येईलच. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही स्वतःचंच सांगता आणि मग "बरं, ठेवतो" म्हणता. पत्राला तसं करता येत नाही.

तर मामा, तुम्ही चिखलीचं वाचनालय बंद केलंत आणि "तुला लहानपणी नाद होता, घे" म्हणून कडूबाच्या जीपमधून जे पोतं पाठवलंत, ते मिळालं. कडूबाने ते टपावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बांधून आणलं, त्यामुळे दोन रहस्यकथांवर कोंबड्यांचं मत उमटलेलं आहे, पण बाकी माल सुखरूप. पोतं उघडलं आणि तो वास आला. खळ, जुना कागद आणि तुमच्या दुकानातली उदबत्ती. मी ओसरीवर तशीच बसून राहिले. तुम्हाला आठवत असेल, सुट्टीत मी तुमच्या गल्ल्याखाली पाय पोटाशी घेऊन वाचत बसायची. पाय पोटाशी घ्यायचे, कारण खाली सोडले तर भुताच्या पुस्तकातला हात बाहेर येईल अशी माझी पक्की समजूत होती. (ती अजून पूर्ण गेलेली नाही.)

आता तक्रार. त्या पोत्यात लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक होतं. पाठीवरचं नाव झिजून गेलेलं. तुमच्या बाइंडर गोविंदाने बांधलेलं, हे मी शिलाईवरूनच ओळखलं. त्या एका पुस्तकाने आमच्या घरात जे केलं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

आधी आमच्या आईंचं सांगायला हवं. माझ्या सासूबाई, रुखमाबाई, तुम्हाला लग्नात भेटल्या तेव्हा त्यांनी तुमच्या जाकिटाचं एक तुटलेलं बटण मांडवाच्या त्या टोकावरून पाहिलं होतं. त्याच आईंना आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चौथीपर्यंत शिकल्यात, सासरे गेल्यावरही श्रावणात पोथी स्वतः वाचायच्या. दोन वर्षांपासून पोथी नुसती उघडून समोर ठेवतात आणि पाठ आहे तेवढं म्हणतात. ऑपरेशनचं नाव काढलं की कारण तयार. उन्हाळ्यात डोळा कापत नाहीत. पावसाळ्यात चिघळतो. हिवाळ्यात तूर असते. यंदा ह्यांनी न विचारता बुलढाण्याच्या दवाखान्यात तारीख घेऊन टाकली, तेव्हापासून घरात अबोला. आई भितात, मामा. ते त्या म्हणत नाहीत, पण तारीख निघाल्यापासून भांडी घासताना एकेक भांडं हाताने चाचपून फळीवर ठेवतात, जणू सगळं आंधळेपणी सापडेल असं लावून ठेवतायत.

त्यात पापडांचे दिवस. आमच्या गल्लीत पाळीपाळीने एकेकीच्या घरी पापड लाटतात, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या पाळीला शेजारच्या सिंधूताई, त्यांची नवी सून काजल आणि आणखी तिघी-चौघी आल्या. मी लाटलेला पापड बायकांना मान्य नसतो (त्याला कोपरे येतात), म्हणून सिंधूताई म्हणाल्या, "तू नोको हात लावू वं. त्यापेक्षा काई तरी वाच. नाई तं गप्पाच गप्पा होतात आन् लाट्या वाळतात." मी पोत्यातलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं. तेच लाल.

सुरुवात ऐतिहासिक होती. किल्ल्याला वेढा, दाणागोटा संपत आलेला, आणि सरदार सर्जेराव बायकोला सांगून एकटेच भुयारात उतरतात. मदत घेऊन येतो म्हणतात. मामा, मी लहानपणी अशी पुस्तकं ढिगाने वाचली, पण मोठ्याने वाचली नव्हती. मोठ्याने वाचलं की मशालीचा धूर खरंच खोलीत येतो. भुयारातला अंधार आला तेव्हा सगळी लाटणी हळू झाली. आई भिंतीला टेकून लाट्या करत होत्या, त्यांचे हात थांबले. मी वाचलं, "सर्जेरावांनी मशाल उंच धरली आणि समोर पाहतात तो", आणि पान उलटलं.

पुढच्या पानावर लिहिलं होतं, "टेबलावर चहाचे दोन कप होते आणि त्यांतून अजून वाफ निघत होती."

तुमच्या गोविंदाने ऐतिहासिक कादंबरीच्या अर्ध्यावर एक भयकथा शिवली आहे, मामा. पुढे चाळलं तर भयकथेच्या अर्ध्यावर साहसकथा, आणि शेवटी चित्रांचं कॉमिक. मी गप्प झाले. चूक सांगून पुस्तक मिटावं असा विचार केला.

"थांबली काऊन?" आई म्हणाल्या. तारीख निघाल्यानंतर माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

मी म्हटलं, "आई, हे पुढचं जरा वेगळंच आहे."

"भुयार असतेच तसं. कुठं निंगन त्याचा भरवसा नाई. वाच."

आणि सिंधूताईंनी लगेच निकाल दिला, "इंग्रजाचा बंगला असन तो. भुयार तिकडं निंगालं."

मग काय, मी वाचत गेले. घाटातल्या त्या ओसाड बंगल्यात एक इंजिनीअर मुक्कामाला आलेला असतो. मी त्याचं नाव काढून सर्जेराव घातलं. (हा माझा पहिला अपराध, आणि त्याचा मला अभिमान आहे.) रोज कोणी तरी चहा करून ठेवतं, आणि घरात कोणीच नसतं. त्या दिवशीचे पापड तुम्ही पाहायला हवे होते. वेढ्याचे पापड एकसारखे गोल, आणि बंगल्यापासून पुढचे कडेला कागद, मध्ये भाकरी. हल्ली हे जेवताना पापड उजेडात धरून विचारतात, "हा कोणत्या प्रकरणातला?"

वाचन मग दुसऱ्या घरी गेलं, तिसऱ्या घरी गेलं. एरवी तब्येतीचं निमित्त सांगून घरी राहणाऱ्या आई माझा दंड धरून पाळीच्या प्रत्येक घरी आल्या. भयकथेत दार कुरकुरत उघडतं, आणि पान उलटल्यावर एकदम होडी उलटते. पाणी कुठून आलं यावर थोडा वाद झाला, पण धरण फुटलं असं ठरलं. मगरी आल्या, बेट आलं, खजिना सापडला आणि सर्जेरावांनी त्याला हातही लावला नाही. (पुस्तकात लावला होता. बायका म्हणाल्या, त्यांचा सर्जेराव तसा नाही. मी दुरुस्त केलं.) शेवटी कॉमिक. मला चित्रं बघून सांगावं लागे, की आता तो मुखवटा घालून उडतोय, आता त्याने गुंडाला मारलं, "धाड!" (गावाचं नाव पुस्तकात आलं म्हणून टाळ्या पडल्या.)

आता इथे, मामा, जे घडलं ते मला नीट लिहिता येईल की नाही ठाऊक नाही. सिंधूताई म्हणाल्या, "बाकी सारं पटलं, पर मानूस उडते कसा?" काजल कधी बोलत नाही, नवी आहे. तिने मान वर न करता म्हटलं, "मेला असन तो. भुयारातच. म्हनून उडते. तवापासून घर शोधून राह्यला."

लाटणी थांबली. मी पानांकडे पाहत होते, आणि ती चार फाटकी पुस्तकं माझ्या डोळ्यांदेखत एक झाली. कोणी न प्यायलेला वाफाळता चहा. कुठून आलं कळत नाही असं पाणी. नको असलेला खजिना. सगळं जागेवर बसलं. मी इतकी वर्षं वाचतेय, वाचणं म्हणजे एकट्याने गल्ल्याखाली करायची गोष्ट असं समजत होते. गोष्ट लिहिणारा अर्धीच लिहितो आणि उरलेली ऐकणाऱ्यांच्या हातात असते, हे मला पिठाने भरलेल्या त्या हातांनी दाखवलं. माझ्या अंगावर काटा आला होता. भुताचा नव्हे.

आई मात्र एवढंच म्हणाल्या, "मंग? पोचला का घरी?"

आणि तिथेच सगळं अडलं. शेवटच्या पानावर सर्जेराव एका उंच इमारतीच्या गच्चीवर उभे आहेत, खाली दूरवर एक खिडकी उजळलेली आहे, आणि ते म्हणतात, "आता एकच काम उरलं आहे..." पुढची पानं फाटलेली. आईंनी दुसऱ्या दिवशी ह्यांना स्वच्छ सांगितलं, "शेवट आयकल्याशिवाय मी दवाखान्यात येनार नाई. मले काई झालं तं तो मानूस गच्चीवरच राहीन." तारीख तोंडावर आली होती, आणि ही तारीख गेली तर आई पुन्हा कधी तयार होणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी शेवट रचून सांगायला बसले. दोन वाक्यांत आईंनी पकडलं, "हे पुस्तकातलं नाई. पान पलटल्याचा आवाज कुठं आला?" पुढच्या वेळी मी मांडीवर वर्तमानपत्र घेतलं आणि अधूनमधून पान उलटलं. "हा पेपरचा आवाज हाये, रेवते." ह्यांनी सुचवलं की सर्जेराव मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतात आणि मग त्यांना घर दिसतं, असं लिही. त्यांना मी दुकानात पाठवून दिलं.

शेवटी मी खरोखर लिहायला बसले. मन लावून. पाठकोऱ्या कागदांवर लिहून ते लाल पुस्तकात शेवटी चिकटवले, म्हणजे पान पुस्तकाचंच वाजेल. दवाखान्याच्या आदल्या दुपारी सगळ्या जणी जमल्या. पापड संपले होते, तरी लाटणी घेऊन आल्या, सवयीने. मी पुस्तक उघडलं, आणि आईंनी हात पुढे करून ते चाचपत मिटलं.

"आता नोको सांगू," त्या म्हणाल्या. "परत आल्यावर आयकन. गोष्ट अर्धी असली का मानसाले मांगं फिरावंच लागते."

आणि उठून पिशवी भरायला गेल्या. मामा, मी त्या मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून बसून राहिले.

ऑपरेशन छान झालं. पट्टी असतानाच, घरी आल्याबरोबर, शेवट मागितला. मी लिहिलं होतं की सर्जेराव गच्चीवरून उतरतात, चालत घरी येतात, उडत नाहीत. दारात कोणी काही विचारत नाही, फक्त पाय धुवायला पाणी देतं. एवढंच. आईंनी विचारलं, "पानी गरम व्हतं का?" मी म्हटलं, "हो." "मंग बरं हाये," म्हणाल्या.

पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पिकली वं तू." मग पुस्तक मागितलं. कॉमिकचं पान उघडलं आणि निळ्या तंग कपड्यांवर लाल चड्डी घातलेला तो गडी बघून त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं डोळ्याला काही झालं. "हा कोन? हा नाई सर्जेराव. त्याले फेटा व्हता. तुह्या सासऱ्यासारखा चालत व्हता तो." आणि पुस्तक मिटून, जरा थांबून, पदराने नवा डोळा टिपायला गेल्या, तर मीच ओरडले, "आई, डोळ्याला हात नका लावू!"

मामीला नमस्कार. माळ्यावर चढू नका.

तुमची,
रेवती

ता. क. – आईंचा दुसरा डोळा बाकी आहे. त्या म्हणतात, "दुसरी गोष्ट सुरू कर. अर्धी झाली का तारीख घे." पोत्यातली बाकीची पुस्तकं वाचून पाहिली. ती सरळ शिवलेली आहेत, जशी सुरू होतात तशीच संपतात, गल्लीतल्या कोणाला पसंत पडत नाहीत. तरी गोविंदाला गाठा. चुका करतो म्हणून तुम्ही त्याला काढलं होतंत, तेव्हा आधी तुम्हीच नमस्कार करा, मग माझा सांगा, आणि माळ्यावरच्या सुट्ट्या छापील पानांच्या फर्म्यांतून असंच एक पुस्तक शिवून घ्या. डोळे मिटून शिव म्हणावं. चित्रं नकोत.

ता. क. दुसरा – आईंनी हे पत्र माझ्या खांद्यावरून, चष्म्याशिवाय, वाचलं. म्हणाल्या, "माहं नाव लावून सोतासाठीच मांगून राह्यली." खोटं कसं म्हणू? खालच्या ओळी त्यांच्या हातच्या आहेत. अक्षर जरा चढावर गेलं आहे, समजून घ्या.

वैजनाथभाऊ नमस्कार. पुस्तकात मानूस घरी आला पाह्यजे. बाकी काई बी शिवा.