देवाच्या डोळ्यांच्या बिया

अप्पा, करंजाखाली यंदाही फुलांचा सडा पडलाय. गेल्या रविवारी आम्ही लेकीला घेऊन श्रीपेरुंबुदूरच्या पुढच्या तुमच्या त्या तळ्यावर गेलो. तुमची ही नात अजून वर्षाचीही नाही. पाणी आटून भेगा पडल्यात, काठाला गोदामं आलीत, तरी वेडे राघू तारेवर बसले होते आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. तुम्ही म्हणायचात, ती ओरडली की पाऊल मागे घ्यायचं, तिची अंडी उघड्यावर असतात. बायको साताऱ्याची, त्या ओरडण्याने तिला कसंसंच झालं. मी हसलो, आणि कुंपणावरच्या वेलीच्या तडकलेल्या शेंगांमधून लालभडक गुंजा काढून खिसा भरला.

लहानपणी तुम्ही मला त्या वेचायला लावायचात, चतुर्थीच्या मातीच्या पिल्लैयारला, गणपतीला, डोळे बसवायला. एकदा मी एक तोंडात टाकली. तुम्ही गालात बोट घालून ती काढलीत आणि थोबाडीत दिलीत. देवाचे डोळे उष्टे केले म्हणून मार बसला, असंच मी आजवर समजत आलो. त्या माराचं कारण तुम्ही कधी सांगितलंच नाहीत.

घरी अत्तेने, तुमच्या बहिणीने, गुंजा गरम पाण्यात भिजवून सुईने भोकं पाडली आणि लेकराला दृष्ट लागू नये म्हणून मनगटी ओवली. पोरीला दात येताहेत. आज दुपारी ती मनगट चोखताना दिसली, आणि दोऱ्यात एक गुंज कमी होती.

नुंगंबाक्कमच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अख्खी होती की भोक पाडलेली?" माझं उत्तर ऐकून त्यांचा चेहरा उतरला. टरफल शाबूत असलं तर बी बहुधा तशीच बाहेर पडते, भोकातून मात्र विष सुटतं, म्हणाल्या. "आता खेळतेय म्हणून निश्चिंत राहू नका. थांबावं लागेल." ती खरंच खेळतेय, नर्सच्या बोटाशी. मी बाकावर बसून हे लिहितोय, धाडायचं कुठे ते ठाऊक नाही. मला तुमचा राग येतोय, अप्पा. विष आहे, एवढं बोलला असतात तर.

आत्ताच अत्तेचा फोन आला. खरं कळलं तर ती अन्न सोडेल, म्हणून नुसता ताप आहे म्हटलं.

"दृष्टच ती, कण्णु," ती म्हणाली. "बाळाला लवकर घरी आणा. दुसऱ्या हाताचीही ओवून ठेवलीय."

मी बरं म्हणालो.