अध्यक्षपदाचं भाषण

२ फेब्रुवारी
ठरलं. गावकीच्या अध्यक्षपदाला उभा राहतोय. बुधाजीच्या घरात तीन पिढ्या ती खुर्ची, आणि आमचे बाबा जन्मभर देवळातल्या सभेत खाली चटईवर. आता बस्स. बुधाजीला चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. मी ऑनलाइन वक्तृत्वाचा कोर्स लावलाय. शिवाय यंदापासून गावकीत बायकाही मताला हात वर करणार. बचत गट नूतनच्या शब्दाबाहेर नाही, आणि नूतन माझी बायको. अर्धं गाव खिशात.

५ फेब्रुवारी
पहिला धडा, पॉज. महत्त्वाच्या वाक्याआधी थांबायचं, ऐकणारा श्वास रोखून धरतो. आमच्या ट्रेलरवरचा ड्रायव्हर सदा, त्याला फोनवर म्हटलं, सदा, तुला एकच गोष्ट सांगतो. आणि थांबलो. त्याने फोन कट केला. वर मेसेज, शेठ रेंज नाय.

९ फेब्रुवारी
उत्तर नको असलेला प्रश्न. हे जबरदस्त हत्यार. नूतन कोळंबी सोलत होती. समोर उभा राहून आवाज चढवला, या घरात माझं ऐकतं कोण? मान वर न करता म्हणाली, कोनीच नाय. कोर्सच्या सरांना कळवलं. म्हणाले, घरची ऑडियन्स कच्ची असते. पटलं.

१४ फेब्रुवारी
तिनाचा नियम. सगळं तीन-तीन सांगायचं. रस्ता, पाणी, दिवे. मिठागराच्या बांधावर जाऊन मोठ्याने सराव केला. मोरूला ऐकायला नेलं होतं. बालमित्र आहे, पण जळतो. म्हणाला, दोनच सांग, तिसरं तूच विसरतोस. आज विसरलो, तो वाऱ्यामुळे. तरी त्याला काम दिलंय. गावासाठी रक्त कोणी आटवलं, असं मी विचारलं की त्याने ओरडायचं, रतनशेठनी!

१८ फेब्रुवारी
नूतन घरोघर फिरून बायकांना सांगून आली. सगळ्या तयार हायत म्हणाली. भाषणाने काम होणारच आहे, उगाच चपला झिजवते. भाषण ऐकव म्हणत होती. नाही ऐकवलं. सरप्राइज.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ
गद्दार. सगळे गद्दार.
सभा देवळात. बुधाजी उठला, जत्रेचा मांडव मी घालतो, बाकी तुमी सांगाल तसं, म्हणाला आणि बसला. याला भाषण म्हणतात?
मग मी. पॉज घेतला तर कोणीतरी पाणी आणून दिलं. विचारलं, या गावासाठी रक्त कोणी आटवलं? मोरू नेमका चप्पल शोधायला वाकलेला. बुधाजीची आई सोनाबाई शांतपणे म्हणाली, माज्या बुधाजीनी. चार लोकांनी माना डोलावल्या.
डगमगलो नाही. सरांचं शेवटचं अस्त्र काढलं, त्याग. छातीवर हात ठेवून म्हणालो, मला घर नाही, मला बायको नाही, मला संसार नाही, हे गाव हेच माझं सगळं. तिन्ही मुद्दे आठवले. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. सभा सुन्न. बायका पहिल्या रांगेत, मधोमध नूतन. तीही सुन्न. मनात म्हटलं, जिंकलो.
माझं नाव पुकारलं. मोरूचा हात वर गेला. चुलत्यांचा गेला. बायकांनी नूतनकडे पाहिलं. नूतनचे हात मांडीवर. मग एकीचाही हात हलला नाही.
बुधाजी खुर्चीवर बसला. मी बाबांच्या चटईवर. बाहेरच्यांनी मारलं असतं तर सोसलं असतं. इतकी वर्षं जिला घर दिलं, संसार दिला, तिनेच भर गावकीत पाडलं. फार लागलंय. तिच्याशी बोलणार नाही. कधीच नाही.

२३ फेब्रुवारी
सकाळी बोललो. घरच्या माणसाला दगा देताना हात कसा आवरला, विचारलं. नूतन केसांना पिन लावत होती. म्हणाली, तुमाला बायको नाय ना? मंग हात कोनी वर करायचा?
समजावलं. अगं, ते खरं नसतं, भाषणात तसं बोलायचं असतं. ती म्हणाली, मी बायकांना तुमचं सगळं खरंच सांगितलं होतं.
पिशवी उचलून बचत गटाच्या मीटिंगला गेली. चहा पण टाकला नव्हता. मीच टाकायला गेलो. साखरेचा डबा कुठे असतो ते सापडलं नाही.