शाईखालची नावं

४ मार्च
आले एकदाची! खोली लहानशी आहे, पण सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. खाली शिंप्याचं दुकान, तोच घरमालक. माणूस मोठा गमत्या. माझी ट्रंक स्वतः वर आणून दिली आणि धापा टाकत विचारलं, यात दगड आहेत की नवरा? नवरा अजून मिळाला नाही म्हटल्यावर म्हणाला, मग दगडच बरे, उलटं बोलत नाहीत. ताईला फोनवर हे सांगितलं तर ती इतकी हसली की भाऊजींनी फोन ओढून घेऊन काय झालं ते विचारलं.

५ मार्च
कामाचा पहिला दिवस. तळघरातली लांबट खोली, भिंतभर लोखंडी कपाटं. गुप्तहेर खात्याच्या फायली कोर्टात जाण्याआधी त्यातली हेरांची नावं काळ्या शाईनं झाकायची, एवढंच काम. माणूस निवृत्त झालेला असला तरी नाव फुटलं की जिवावर बेततं. म्हणून कायदाच आहे: नाव उघड करील त्याला दहा वर्षं कैद. साहेबांनी ते कलम माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, मग सही घेतली. बोलतात अगदी मऊ, पण बघतात असे की आपण खुर्चीत बसलेलोच नाही. शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या काकांनी तर माझ्या नमस्कारावर फाईलच आडवी धरली. असो, रुळेन.

११ मार्च
हात बसला आता. नाव दोनदा झाकते, कागद उजेडाला धरून बघते. आज एका पानावर फोटो होता. मिशी नव्हती, केस दाट होते, पण माणूस तोच. आमचा शिंपी! अठरा वर्षं शत्रूच्या मुलखात कपडे शिवत बातम्या पाठवत होता. मी त्याचं नाव तीनदा झाकलं. संध्याकाळी जिन्यात त्यानं विचारलं, आज तोंडात मूग का? डोकं दुखतंय म्हणाले. त्यानं स्वतःचा चहा माझ्या हातात दिला.

१८ मार्च
शिंप्याची फाईल आठवडाभर साहेबांच्या खोलीत होती. आज कपाटात लावायला माझ्याकडे आली. पान उघडलं तर शाई खरवडलेली. नाव लख्ख वाचता येत होतं. साहेबांना दाखवलं. म्हणाले, जुना कागद आहे, शाई उडते. फाईल काढून घेतली. तेवढ्या एकाच शब्दावरची शाई उडते? आणि पात्याचे ओरखडे?

२० मार्च
दुकान उघडलं नाही. दुपारी पोलिसांनी कुलूप तोडलं. शिंपी कापायच्या टेबलाखाली होता. गळ्याला त्याचीच मापाची पट्टी आवळलेली. जीभ — नाही लिहवत.

२१ मार्च
साहेब जेवायला गेले तेव्हा कपाटं धुंडाळली. आणखी सहा फायली खरवडलेल्या. सहाही साहेबांच्या सहीनं बाहेर गेलेल्या. सहाही माणसं मेलेली, तसा शेरा फायलींवरच.
काकांपुढे फायली ठेवल्या. पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले. म्हणाले, पोरी, तोंडाला कुलूप लाव. साहेब स्वतः जुने हेर. त्यांचंही नाव झाकायच्या नावांतच. तक्रार करायची तर नाव घ्यावं लागणार, आणि नाव घेतलं की गुन्हेगार तूच. तुझ्या आधीच्या मुलीनं घेतलं होतं.
तिचं काय झालं विचारलं. ते चष्मा पुसत राहिले. पुसतच राहिले.

२४ मार्च
काकांचं टेबल रिकामं. साहेब म्हणाले, बदली. कुठे? ते म्हणे गुप्त. मग हसले. आज पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

२५ मार्च
पोलीस ठाण्यात गेले. सगळं सांगितलं. फौजदार लिहून घेत होता. आरोपीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं, उठून दार लोटलं, कुठेतरी फोन लावला. परत आला तो वेगळाच माणूस. म्हणाला, हे नाव तुम्ही उच्चारलंत, मी साक्षीदार. बसून राहा, माणसं येतायत.
तो बाहेर वळला आणि मी मागच्या दारानं —

२६ मार्च
रात्र स्टेशनाजवळच्या लॉजवर काढली. तिथूनच ताईला फोन केला. भाऊजींनी उचलला. काल खात्याची दोन माणसं येऊन त्यांची आणि ताईची सही घेऊन गेली म्हणे. माझ्याशी बोलणं म्हणजे गुन्ह्याला हातभार. पुन्हा फोन करू नकोस, आम्हाला लेकरं आहेत, म्हणाले. मागे ताई रडत होती. मी म्हटलं, तिला नुसती हाक मारायला सांगा, एकदाच —
ठेवला.

२७ मार्च, सकाळचे दहा
बाहेर भर वर्दळ. गाडी थांबली. तिघं. मधले साहेब.
ओरडले मी खिडकीतून. माणसांनी वर बघितलं. साहेबांनी कसलासा कागद दाखवला. सगळे माना खाली घालून चालायला लागले. सगळे —
जिन्यात आलेत. दाराला पलंग लावलाय.
ताई, ही वही तुझ्या हाती पडली तर — शिंपी, ते सहा जण, सगळे यानंच — यानंच शत्रूला दिले. कायदा घाल चुलीत. मी नाव लिहून ठेवते.
थाप. हळू आवाजात मला हाक मारतोय. किती लाडानं —
पलंग सरकला.
त्याचं नाव