एकसष्ट नंबरचे यंत्र

मी, भिवाजी पुंजाजी पाईकराव, वय ७१, पाटबंधारे खात्यातून निवृत्त शाखा अभियंता, राहणार कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी माझा फारसा भरवसा दिलेला नाही. डोक्याबद्दल मात्र त्यांची तक्रार नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून बसवलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे खालीलप्रमाणे व्हावे.

१. कळमनुरीचे राहते घर व बँकेतील ठेव माझी सून सपना हिला द्यावी. पत्नी कमलबाई आधीच गेली. एकुलता मुलगा विकास २०१८ च्या जूनमध्ये नांदेड रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून अंगणवाडीची नोकरी सांभाळून सपनानेच मला सांभाळले. माझी बिनमिठाची भाजी ती वेगळी करते. तिचे कौतुक मी कधी तोंडावर केले नाही, ते इथे लेखी करतो.

२. माझ्या संग्रहात साठ जुने सायंटिफिक कॅलक्युलेटर आहेत. काही लाल अंकांचे, काही हिरव्या अंकांचे, दोन तर असे की त्यांना बरोबरच्या चिन्हाचे (=) बटणच नाही. हिंगोलीच्या भंगारवाल्यांकडून, कळमनुरीच्या आठवडी बाजारातून, निवृत्त साहेबांच्या कपाटांतून मी ते जमवले. प्रत्येकाची मी एकच परीक्षा घेई: नऊ अंशांचा साइन, त्याचा कोसाइन, त्याचा टॅन, आणि मग उलट्या पावली परत. शेवटी नऊच यायला हवेत. बहुतेक यंत्रे नवाच्या जरा अलीकडे थांबतात. कोणते यंत्र किती खोटे बोलते, हे वहीत तारखेनिशी लिहिलेले आहे. क्र. १४ सोडून ही सर्व यंत्रे, वही, भिंग व बारीक पेचकसांचा संच नात ऐश्वर्या हिला द्यावा. ती नांदेडला फिजिक्स शिकते. तिला यातले काही नको असेल तर तिने संकोच करू नये.

३. मेहुणे धम्मानंद यांनी माझ्या संग्रहाला वीस वर्षे, दर लग्नात, पाहुण्यांसमोर भंगार म्हटले. त्यांना यंत्र क्र. १४ द्यावे. ते उत्तम चालते, फक्त त्याचे सातचे बटण दाबले जात नाही. त्यांचा फोन नंबर सातने सुरू होतो, एवढे मी लक्षात ठेवले आहे.

४. अंत्यविधी आपल्या बौद्ध पद्धतीने, साधा करावा. भाषणे नकोत.

५. आता ज्यासाठी हा कागद काढला ते.

यंत्र क्र. ६१ माझे नाही. ते विकासचे आहे. कालव्याच्या मोजणीवर तो ते वापरी. त्यात अक्षरेही साठवता येत. साइटवरून यायला उशीर झाला की सपना रुसे, म्हणून त्याने गंमत करून ठेवली होती. एक बटण दाबले की खिडकीतून इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द सरकत जात: "सपना, जेवून घे, मी येऊन राहिलो." तो गेल्यावर सपना रोज जेवणाआधी ते बटण दाबायची.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास तिने ते माझ्याकडे आणून दिले. म्हणाली, "मामा, अक्षरं फिकट दिसून राहिली. सेल बदलून द्या बरं."

या यंत्रात मोठे सेल वेगळे आणि आठवण जपणारा छोटा सेल वेगळा असतो. दोन्ही एकदम काढायचे नसतात. हे मी शंभर जणांना शिकवले आहे. पण संग्रहात आलेल्या यंत्राचे सगळे सेल आधी काढायचे, नाहीतर ते गळून आतले तांबे खातात, ही माझी तीस वर्षांची सवय. हात चालत राहिला. मी मोठे काढले, छोटा काढला, स्पिरिटने खाचा पुसल्या, पाठीवर ६१ नंबरची चिठ्ठीही चिकटवली. मग भान आले.

सेल परत घातले. खिडकी कोरी होती.

ते शब्द मी पुन्हा भरून पाहिले. अगदी तसेच सरकले. पण ते माझ्या बोटांचे होते, विकासच्या नव्हते. मी ते पुसून टाकले. आणि सपनाला सांगितले, "यंत्र जुनं होतं, तू रोज दाबून राहिलीस, झिजलं."

ती म्हणाली, "व्हय, माझ्याच हातानं गेलं." पोटच्या पोराचे शेवटचे शब्द मी घालवले आणि दोष तिच्या माथी मारला. याची मला अतोनात लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर हे कलम तिला वाचून दाखवावे.

इथपर्यंत लिहून मी साक्षीसाठी मित्र अमृतराव यांना बोलावले. त्यांनी वाचले आणि पेन खाली ठेवला. "भिवाजी, हे मेल्यावर काहून? लेकरू तिकडं स्वयंपाकघरात हाय."

मी सपनाला हाक मारली. तिने पाचवे कलम उभ्यानेच वाचले. दोनदा वाचले.

"मामा, सात वर्षं झाली," ती म्हणाली. "मी रोज सोताला बोल लावून राहिले, अन् तुमी माझ्यासमोर बसून जेवत व्हता."



मी म्हणालो, घर तुझे, ते यंत्र तुझे. ती म्हणाली, "ते माझंच हाय. ते तुमी काय देणार?" तिने यंत्र उचलून पाठीवरची ६१ नंबरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. मग अमृतरावांना विचारले, दुसरा साक्षीदार कोण होऊ शकतो. ते म्हणाले, ज्याला या कागदातून काही मिळायचे नाही तो.

"मग मला काही न्हाई पायजे. माझं नाव खोडा. साक्ष मी देते."

म्हणून कलम १ मधील देणगी रद्द करून घर व ठेव ऐश्वर्या हिच्या नावे करत आहे. कलम १ मधील कौतुक रद्द समजू नये.

ठिकाण: कळमनुरी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: भिवाजी पुंजाजी पाईकराव (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. अमृतराव संतराम वाढवे (सही)
२. सपना विकास पाईकराव (सही). पूर्ण वाचले.