खालची खोली कोणाच्या नावे

मी, खाली सही करणारी, सोफे आणि खुर्च्या मढवून पोट भरलेली विधवा बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके ठिकाणावर असले तरी मनात गोंधळ आहे, हे मी वकीलबाईंना आधीच सांगितले. त्या म्हणाल्या, "गोंधळ चालतो. जबरदस्ती चालत नाही." तर जबरदस्ती कोणी केलेली नाही. आग्रह मात्र पुष्कळांनी केला आहे, तो पुढे येईलच. याआधीही मी मृत्युपत्र लिहायला बसले होते आणि अर्ध्यावर उठले होते. ते कागद फाडले आहेत. एखादा तुकडा कोणाला सापडलाच तर तो रद्द समजावा.

कलम पहिले. राहत्या घराचा वरचा मजला, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावा. ती दातांच्या दवाखान्यात काम करते आणि कुठल्याच चर्चमध्ये जात नाही. तिच्यासाठी जुन्या चर्चच्या आणि माझ्या भावाच्या सभेतल्या, अशा दोन्हीकडच्या लोकांनी प्रार्थना करून पाहिल्या, तिच्यात फरक पडलेला नाही. तिने मला आजवर सांभाळले, हे मात्र दोन्हीकडच्यांनी ध्यानात घ्यावे. गॅलरीचा कठडा हलतो. तो तिने आधी नीट करून घ्यावा, पडदे नंतर बदलावेत.

कलम दुसरे. शिलाईचे मोठे मशीन, वाकड्या सुया, कातडे कापायची कात्री, पट्टे ताणायचा चिमटा आणि लोहचुंबकाची हातोडी ही सगळी हत्यारे माझ्या नणंदेला. तिने माझ्यासोबत आयुष्यभर काम केले आणि माझ्या चुण्या वाकड्या येतात असे गिऱ्हाइकांसमोर सांगितले. त्या वाकड्या नव्हत्या. आमच्या धंद्यात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात आणि त्या तोंडात धरून काम करावे लागते, म्हणून गल्लीत मला चुकाताई हे नाव पडले. उरलेल्या चुकांचे डबेही तिलाच. तिने त्या तोंडात धराव्यात, म्हणजे बोलणे थोडे कमी होईल.

कलम तिसरे. माझ्या धाकट्या भावाबद्दल.

हा भाग लांबेल. वकीलबाई म्हणतात की मृत्युपत्रात कारणे द्यायची गरज नसते. मला आहे.

धाकट्याला आज सगळे गाव ओळखते. त्याची प्रार्थनासभा मोठ्या हॉलमध्ये भरते, बाहेर गाड्या लावायला जागा उरत नाही, आणि त्याच्या मनगटावरचे घड्याळ मागच्या रांगेतूनसुद्धा चमकते. पण त्याची पहिली सभा माझ्या घराच्या खालच्या खोलीत, म्हणजे आमच्या कारखान्यात झाली. तो तेव्हा माझ्याकडे काथ्या भरायचे काम करायचा. एका रविवारी अर्धवट भरलेल्या कोचावर उभा राहून तो बोलू लागला. म्हणाला, "ज्या बापाकडे सगळं आहे तो आपल्या लेकरांना फाटक्या कपड्यांत का फिरवील?" ऐकायला आलेल्या लोकांचे कपडे खरोखरच फाटके होते. मी पाहत होते, ती माणसे जाताना ताठ चालत होती. त्यात काही खोटे नव्हते.

माझे दिवंगत पती जुन्या चर्चचे. तिथले पाळकसाहेब दरिद्री राहण्यालाच पुण्य समजतात, आणि यांना ते पटायचे. जेवायला बसले की हे आणि धाकटा यांची जुंपायची.

"अब्राहाम श्रीमंत होता की नाही, भाऊजी?" धाकटा विचारायचा.

"होता. पण त्यानं तंबूतंबूत दानाची थैली फिरवली नव्हती."

"आणि प्रभूचा अंगरखा? क्रुसापाशी शिपायांनी त्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. जुनेर असतं तर टाकल्या असत्या?"

कापडाचा विषय निघाला की यांना खोटे बोलवत नसे. "कापड चांगलं होतं, एवढं मान्य," म्हणायचे. "पण मेला तेव्हा त्याच्याकडं तेवढंच होतं, आणि तेही काढून घेतलं." मग दोघे माझ्याकडे बघायचे. मी भाजी वाढायचे. मला तेव्हाही दोघांचे पटायचे आणि आजही पटते. हाच माझा आजार आहे.

मग यांच्या यकृताला सूज आली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले. धाकटा आला आणि म्हणाला, भाऊजींना सभेला आणा. मला वाटले हे नाही म्हणतील. यांनी बूट मागितले. स्टेजवर धाकट्याने यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि थैली आली तेव्हा यांनी आपल्या आईची सोन्याची साखळी गळ्यातून काढून स्वतः तीत टाकली. रिक्षात मी विचारले, "का टाकलीत?" हे म्हणाले, "मरायची भीती वाटली. आणखी काही विचारू नकोस."

हे त्या आजारातून बरे झाले. सूज उतरली, भूक लागली, कारखान्यात बसू लागले, आणि धाकट्याशी पुन्हा पहिल्यासारखे भांडू लागले. त्यानंतर बरीच वर्षे जगले. मी एकदा म्हटले, "मग बरे कसे झालात, ते तरी सांगा." म्हणाले, "माहीत नाही." डॉक्टरांना विचारले, तर त्यांनीही तेच सांगितले. माहीत होते ते एकट्या धाकट्याला.

यांनी साखळी टाकली त्याच दिवशी त्याच स्टेजवर आमच्या जिन्याशी अंडी विकायला बसणारी बाई आपल्या शाळकरी मुलीला घेऊन उभी होती. मुलीच्या रक्तात काहीतरी बिघडले होते. धाकट्याने तोच हात ठेवला आणि तीच प्रार्थना केली. अंडीवालीने आपल्या बांगड्या थैलीत टाकल्या. मुलगी गेली.

धाकटा तेव्हा दौऱ्यावर होता. त्याच्या माणसांनी हार पाठवला, दाराच्या चौकटीतून आत येईना एवढा मोठा. अंडीवाली पूर्वी जुन्या चर्चची, म्हणून मी तिला घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. ते बाकावर ताठ बसून म्हणाले, "ज्यांच्याकडं गेला होतात त्यांनाच बोलवा." शेवटी कबरीपाशी प्रार्थना आमच्या यांनी वाचली. पाळकसाहेब आले, पण फाटकापाशी उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. आत आले नाहीत. या माणसाचा कोट मी माझ्या हाताने रफू केलेला आहे, त्याने कधी कोणाचा पैसा खाल्ला नाही हे मी शपथेवर सांगीन, आणि तरीही त्या दिवशीचे फाटक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुढच्या सभेत अंडीवाली उभी राहिली आणि सगळ्यांसमोर विचारले, "ताईंचे मालक वाचले, माझी पोर का गेली?" धाकटा माइकवर म्हणाला, "विश्वास कुठंतरी कमी पडला असेल, बहिणी." हे वाक्य मी त्याला माफ केलेले नाही. मेल्यावर करीन की नाही, ते तिकडे गेल्यावर कळेल.

एवढेच असते तर सोपे होते. पण त्याच आठवड्यात एका दुपारी तो एकटाच कारखान्यात आला. स्प्रिंगा काढलेल्या कोचावर बसला, तो जवळजवळ जमिनीलाच टेकला. म्हणाला, "ताई, कोण वाचतं आणि कोण नाही, मला काय माहीत? लोक उत्तर मागतात. मला माहीत नाही म्हटलं तर ते घरी काय घेऊन जातील?"

मी म्हटले, "तेवढंच म्हण की. स्टेजवरून म्हण."

तो म्हणाला, "म्हणेन." तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ रडला. रविवारी मी मुद्दाम गेले. त्याने पुन्हा तेच सांगितले, विश्वास ठेवा आणि थैलीत पेरा. त्या दोघांपैकी माझा भाऊ कोणता, हे मला ठरवता आलेले नाही.

तरी त्याला काही दिले पाहिजे. ज्यावर उभा राहून तो पहिल्यांदा बोलला तो कोच त्याला द्यावा. मी तो मढवणार नाही, आणि त्यानेही मढवू नये. पाळकसाहेबांच्या चर्चमधील लाकडी बाकांसाठी गाद्या शिवून द्याव्यात, खर्च माझ्या बचतीतून. ते नको म्हणतील. तरी द्याव्यात. म्हातारी माणसे तिथे तासभर बसतात.

बचतीतून आधी माझे दफन करावे, उरेल ते मुलीला. दफनाला धाकटा आणि पाळकसाहेब या दोघांनीही यावे, आणि दोघांनीही आत यावे. आधी कोण बोलणार यावर वाद झाला तर दोघांनीही बोलू नये.

कलम चौथे, आणि शेवटचे. खालची खोली.

धाकट्याला ती हवी आहे. सेवेची सुरुवात जिथे झाली तिथे त्याला प्रार्थनागृह करायचे आहे, पाटीसुद्धा तयार आहे असे कळते. पाळकसाहेबांना ती रविवारच्या शाळेसाठी हवी आहे. त्यांनी तसे तोंडाने म्हटलेले नाही, पण दोनदा येऊन भिंतीची ओल तपासून गेले.

ती खोली मी अंडीवालीला देत आहे. ती अजूनही जिन्याशीच बसते, उन्हात आणि पावसात.

हे ऐकून माझी मुलगी म्हणाली, "आई, तुला कळतंय का? ती आजही दर रविवारी मामाच्या सभेला जाते. थैलीत टाकते. तू खोली तिला दिलीस म्हणजे मामालाच दिलीस."

हे खरे आहे. ती जाते. मी तिला एकदा विचारले होते, एवढे झाल्यावर कशाला जातेस. ती अंडी पुसत होती. म्हणाली, "जुन्या चर्चमध्ये रडले तर सगळे वळून बघतात, ताई. सभेत गाणी मोठ्यानं चालतात, रडलेलं कोणाला ऐकू येत नाही."  

मुलीच्या या धास्तीमुळे वकीलबाईंनी एक अट घातली होती: सदर खोली कोणत्याही धार्मिक संस्थेस अथवा व्यक्तीस विकता, दान करता वा वापरास देता येणार नाही. मुलीला ती आवडली. मलाही दोन दिवस आवडली. मग मी अंडीवालीला वर बोलावले आणि अट वाचून दाखवली. ती ऐकून उठली. म्हणाली, "राहू द्या, ताई. माझी पोरगी बरी व्हायची तर बांगड्या टाक, हे मी एकदा केलं. आता खोली पाहिजे तर देवाला टाकून दे, हे नको."

मी तिला हाताला धरून बसवले. अट काढली तर खोलीचे काय करशील, असे विचारणार होते. विचारले नाही. विचारणे हीसुद्धा अटच झाली असती.

धाकट्याच्या सभेत लोक देतात ते वाढून परत यावे म्हणून. पाळकसाहेब देतात ते माणूस आपल्याच कळपात राहावे म्हणून. अट घातली असती तर माझे देणेही त्यांच्याच पठडीतले झाले असते. वरील अट मी खोडली आहे, खोडलेल्या जागी माझी सही आहे. देव कोणाच्या बाजूने आहे ते मला कळलेले नाही, आणि कळण्याची वाट बघत बसले तर हा कागद कधीच पुरा होणार नाही. खोली अंडीवालीची. ती तिने ठेवावी, विकावी, भाड्याने द्यावी किंवा धाकट्याला देऊन टाकावी. त्यावर माझ्या मुलीने तिच्याशी बोलणे टाकू नये.

हे सर्व मी वाचून पाहिले, समजले तेवढे समजले, आणि सही केली.

सही: चुकाताई, स्वहस्ते

साक्षीदार पहिला: समोरच्या दुकानातील काचवाला. (मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिले.)

साक्षीदार दुसरा: दवाखान्यातील कंपाउंडर. (मजकूर वाचला. आपणही गोंधळलो असल्याचे त्यांनी तोंडी सांगितले.)

ठिकाण: राहते घर, वरचा मजला, खिडकीजवळचे टेबल

दिनांक: महिन्यातला पहिला सोमवार, सकाळी, अंडीवाली जिन्याशी बसायला आल्यावर