मांडी घातलेल्या माणसाच्या उंचीवर कॅमेरा

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
घाटनांदूर

चि. केदारनाथ यास अमरदादाचा आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, तुझी पाठदुखी कशी आहे ते कळवणे. (फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टानं लिहितोय. पत्राचा आवाज बंद करून ठेवता येत नाही.)

आप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं. वर्षाच्या पुण्यतिथीला जेवणाआधी भिंतीवर त्यांचा सिनेमा दाखवायचा, असं मी ठरवलं. सिनेमा एआयवर केला. शिकवलं कुणी नाही, दुकानात गिऱ्हाईक नसताना माझा मीच शिकलो. बटण दाबलं की झालं, असं लोकांना वाटतं. बिलकुल नाही. पहिल्या खेपेला यंत्रानं आप्पांच्या कपाळावर उभं गंध ओढलं. (आपल्या आप्पांच्या! तीन आडव्या बोटांची विभूती लावल्याशिवाय ज्यांनी कुलूप उघडलं नाही!) मग गळ्यातलं इष्टलिंग डॉक्टरच्या नळीसारखं लोंबवलं. तेही सुधारलं. पण खरी मेख कॅमेऱ्याची. तुझी वहिनी म्हणते, "अवो, कॅमेराच न्हाई, तर त्यो कुठं ठिवायचा म्हणून काहून डोकं फोडताव?" तिला समजावलं, की कॅमेरा म्हणजे कुणाची तरी नजर, बघणारा कोण, हे ठरल्याशिवाय गोष्ट सांगताच येत नाही. ती म्हणाली, "मग आधी गिऱ्हाइकाकडं बघा."

आप्पा जन्मभर गल्ल्यामागं मांडी घालून बसले. उभं जग त्यांनी खालूनच पाहिलं. म्हणून शेवटचा शॉट त्यांच्या नजरेतून. मी लिहून दिलं : मांडी घातलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, अजिबात हलायचा नाही, भोवती घरची माणसं उभी, वरून बेलाची पानं पडतायत (दुकानापुढचा बेल आठवतो ना?). शॉट लई देखणा आला. दुकान तेवढं यंत्रानं गाळलं. चहूकडं काळी माती, वर चौकोनी उजेड, आणि काठावरून आम्ही सगळे वाकून बघतोय. उजेड इतका नेमका, की मी ऐटीत आईला बोलावलं.

आईनं चष्मा पुसून घातला. मग म्हणाली, "अमर, ही समाधी हाय रं. आतून."

आपल्यात माणसाला बसवूनच माती देतात, वरून बेल पडतो. आप्पांना तसं बसवायला खड्ड्यात उतरलेला मीच. पण माझं सगळं लक्ष कॅमेऱ्याच्या कोनाकडं!

"समदे हायत," आई म्हणाली, "केदार कुठं हाय?"

काठावर उजव्या अंगाला एका माणसापुरती जागा मोकळी होती. माती दिली त्या दिवशी तू पोचलास तेव्हा माती लोटून झाली होती. तू रुद्रभूमीच्या फाटकातूनच माघारी फिरलास, तो अजून आला नाहीस. आता आई म्हणते, ती जागा भरल्याशिवाय सिनेमा कुणाला दाखवायचा नाही. तरी तुझा पूर्ण उंचीचा, मान खाली घातलेला, डावीकडून उजेड असलेला फोटो ताबडतोब पाठवावा.

तुझा दादा,
अमरनाथ

ता. क. : घाईपोटी तुझ्या जागी शेजारच्या उत्तरेश्वरला उभा करून पाहिला (सावलीत तुम्ही सारखेच दिसता). पानं अधांतरी थांबली. शॉट पुन्हा केला, पुन्हा तेच. त्याला काढल्यावर पडू लागली.

ता. क. २ : कॅमेरा हलायचा नाही, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. काल तो हळूहळू उजवीकडं वळला आणि मोकळ्या जागेपाशी थांबला. मी तसं सांगितलेलं नाही. फोटो राहू दे, तूच ये. मान खाली घातली नाहीस तरी चालेल. आप्पा खालूनच बघतायत.