हिरडीचं जेल

दि. १२ जून, दुपार

प्रिय दादा,

साष्टांग घालायचा होता, पण कंबर धरलीये, तेव्हा उभ्यानेच नमस्कार करतो. मावशीच्या गुडघ्याला आराम पडला का? वहिनी मेडिकलच्या गल्ल्यावर बसायला लागली हे वाचून बरं वाटलं. तू एकटा असलास की गिऱ्हाईक औषध कमी आणि तुझे टोमणेच जास्त घेऊन जातं.

इकडे सगळं ठीक. दवाखान्यात नवी खुर्ची आलीये. बटण दाबलं की पेशंटचे पाय वर, डोकं खाली. परवा एका आजोबांची कवळी त्या नादात घशाशीच आली, आणि आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई खेकसल्या कुणावर? माझ्यावर. मी आपला नेहमीसारखा ट्रे धरून उभा.

तुझं पत्र मिळालं. माझ्या त्या मित्रासाठी एवढं सविस्तर लिहिलंस, बरं केलंस. मला तर ते पाठच झालंय. "त्याला सांग, त्या कामाचा स्प्रे किंवा क्रीम वेगळं मिळतं, ते डॉक्टरला विचारूनच घे. अगदी थोडं लावायचं. पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ मुरू द्यायचं आणि जवळ जाण्याआधी स्वच्छ धुऊन टाकायचं, नाहीतर बायकोलाही बधिरपणा येतो. खरचटलेल्या जागी लावायचं नाही, आग झाली की बंद. आणि सगळ्यात आधी बायकोला सांगायचं. अंग तिचंही आहे, तिला अंधारात ठेवून हे उद्योग करायचे नाहीत." वर आणखी लिहिलंस, लाजू नको म्हणावं, माझ्या दुकानात रोज येतात.

रोज येतात! अरे, मग आधी का नाही सांगितलंस? सांगणार तरी कसं म्हणा. मी विचारलंच नव्हतं.

मित्रबित्र कुणी नाही, दादा. तुला ते कळलंच असेल.

लग्न झाल्यापासून माझं लवकर आटोपतं. फारच लवकर. ती एका शब्दाने कधी बोलली नाही, पण कूस बदलून झोपायची तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग डोक्यात आलं, रोज आपल्याच हाताने लोकांच्या हिरड्यांना जेल लावतो, सुई टोचलेलीसुद्धा कळत नाही त्यांना. आणली एक ट्यूब घरी. दवाखान्यातलीच.

आता माझं शहाणपण ऐक. हिरडीला लावलेलं आम्ही धूत नाही. लावायचं, जरासं थांबायचं, कामाला लागायचं. हाताला तीच सवय. मी तसंच केलं. हिरडीसारखा चटकन गुण येईना, म्हणून आणखी चोपडलं. धुवायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. वर्षानुवर्षं ज्याच्यात हात घातलाय त्याच्याबद्दल काय विचारायचं कुणाला, असं वाटलं.

आणि जमलं रे! पहिल्यांदाच घाईगडबड नाही. मी असा खूश की विचारू नकोस. ती मात्र आढ्याकडे बघत पडलेली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, मुंग्या आल्यासारखं होतंय." मी मनावर घेतलं नाही. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मग एकदा भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "अहो, मला काही जाणवतच नाही हो आता. तुम्ही हल्ली इतकं सबुरीने घेताय माझ्यासाठी, आणि माझंच अंग दगड झालंय."

माझ्यासाठी, म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. शेवटी काय बोललो, तर "दमतेस तू, होतं असं."

मग ती डॉक्टरकडे गेली. मी येतो म्हटलं, तर नको म्हणाली, लाज वाटते. डॉक्टरांनी तपासलं, दोष काही नाही म्हणाले, ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी येऊन ढसाढसा रडली. "तपासूनही काही सापडत नाही, म्हणजे मीच तसली." मी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. त्याच रात्री तुला मित्राच्या नावाने लिहिलं.

तुझं पत्र वाचलं आणि ट्यूब कचऱ्यात टाकली. ठरवलं, रविवारी सांगायचंच. रविवारी दुपारी ती आपण होऊन जवळ आली. मी म्हटलं, "थांब, मला काही सांगायचंय." ती म्हणाली, "आज काही बोलू नका." आणि मला तेवढंच निमित्त पुरलं. व्हायचं तेच झालं, लगेच आटोपलं. मी उशीत तोंड खुपसून पडलो. तर ही उठून बसली, माझा दंड गच्च धरला, डोळ्यांतून पाणी. "अहो, जाणवलं मला! थोडंच, पण जाणवलं! गोळ्या लागू पडल्या!"

इतक्या आनंदात मी तिला लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. आता सांगू कुठल्या तोंडाने? ती एवढंच विचारेल, "मी रडत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?" शेजारीच होतो की. आणि नाही सांगितलं तर ती आपली गोळ्या गिळत राहणार, जन्मभर स्वतःला अधू समजणार. सकाळी गोळीबरोबर पाण्याचा पेला मीच नेऊन देतो. ती हसून घेते. रोज ठरवतो, आज पेला खाली ठेवायचा आणि बोलायचं. रोज ती पेला रिकामा करून परत देते आणि मी तो विसळून ठेवतो.

माझ्यासाठी डॉक्टरला भेटेन, तू म्हणतोस तसं. तेवढं माझ्या हातात आहे. बाकीचं सुटेना.

आत्ता ती कपडे वाळत घालतेय, गुणगुणतेय. दादाला पत्र लिहितोय म्हटलं, तर म्हणाली, "माझा नमस्कार लिहा. आणि त्या गोळ्या इथे संपल्यात, त्यांच्या दुकानातून पाठवायला सांगा. म्हणावं, फार गुण आला."

निरोप पोचवला. पाठवायच्या की नाही ते तू ठरव, माझ्याने ठरत नाही. पाठवल्यास तर घरच्या पत्त्यावर पाठव, ती वाट बघतेय. या पत्राचं उत्तर मात्र दवाखान्यात पाठव.

तुझा, हातपाय गळालेला,
धाकटा